शितावरून भात न ओळखणारा माणूस

खटके सर मोसंबीच्या गाड्यापाशी येऊन उभे राहिले की रशीदभाई सुरी उचलण्याआधी एक उसासा टाकतो.

आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. गाडेवाल्यानं ढिगातली एक मोसंबी कापायची, फोड पुढे करायची, गिऱ्हाइकानं चाखून मान हलवायची आणि दोन किलो बांधून घ्यायची. सर रीतसर फोड घेतात, डोळे मिटतात, बराच वेळ चघळतात आणि म्हणतात, "गोड हाय."

"तो कितनी तौलूं, सर?"

"ही कापलेली तेवढी द्या."

"और बाकी की?"

"बाकीच्यांचं आपल्याला काही ठाऊक न्हाई ना, रशीदभाई."

आणि ती कापलेली मोसंबी कागदात गुंडाळून, पैसे देऊन सर घरी येतात. हे गेली कित्येक वर्षं चाललंय. रशीदभाईही काही कच्चा नाही. सर लांबून दिसले की तो ढिगातली सगळ्यात लहान मोसंबी शोधून ठेवतो.

खटके सर आमचे शेजारी. नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडच्या वसाहतीत आमची भिंतीला भिंत आहे. कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवायचे. तो विषय घेणारी मुलं दरवर्षी थोडी असत आणि परीक्षेपर्यंत आणखी थोडी होत. गाव कुंभार पिंपळगाव, घरी शेती, भाऊ ती करतात. आपला भाऊ नेमकं काय शिकवत होता, हे त्या भावांना अजून उमगलेलं नाही. मोठे भाऊ एकदा माझ्यासमोरच म्हणाले होते, "तर्क शिकवतो म्हंजे अंदाज बांधायला शिकवतो का रं?" सर शांतपणे म्हणाले, "न्हाई दादा. अंदाज बांधू नये, हे शिकवतो." त्यावर भावानं पगार किती मिळतो ते विचारलं आणि विषय संपला.

सरांच्या मते माणसाला विचार करायच्या दोनच वाटा आहेत. पहिली निगमन. इथं वरून खाली यायचं. सगळ्या शेळ्या पाला खातात, ही शेळी आहे, म्हणून ही पाला खाणार. वरची दोन विधानं खरी असली की तिसऱ्यातून ब्रह्मदेवाचीही सुटका नाही. दुसरी वाट विगमन. इथं खालून वर चढायचं. ही शेळी पाला खाते, ती खाते, शेजाऱ्याची तर आपल्या कुंपणाचा खाते, म्हणून जगातल्या सगळ्या शेळ्या पाला खातात. "पहिलीत खात्री असती, दुसरीत नुसती आशा," असं सर सांगायचे आणि 'आशा' हा शब्द ते असा उच्चारायचे की वाटावं, ताटात झुरळ निघालंय.

दुसऱ्या वाटेनं कुणी काही बोललं की सरांचं एकच उत्तर ठरलेलं, "शक्य हाय. सिद्ध न्हाई." पाऊस येईलसं वाटतं म्हणा, शक्य हाय, सिद्ध न्हाई. पोरगा पास होईल म्हणा, तेच. गाडी नेहमी उशिराच येते म्हणून आम्ही सगळे स्टेशनावर निवांत जातो. सर मात्र वेळेच्या आधी जाऊन बाकावर बसतात, कारण आजवर उशीर झाला म्हणून आजही होईल हे सिद्ध नाही. एकदा गाडी खरोखरच वेळेवर आली. त्या दिवशी जालन्याहून चढलेल्या मोजक्या प्रवाशांत सर होते. ही गोष्ट ते अजूनही न हसता सांगतात.

माझी आणि त्यांची दोस्ती जमायला तसं काही कारण नव्हतं, कारण माझं सगळं पोट विगमनावर चालतं. मी बियाण्याच्या एका कंपनीत उगवण तपासायच्या खोलीत काम करतो. एका लॉटमधून मूठभर बिया काढायच्या, ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवायच्या, काही दिवसांनी कोंब मोजायचे आणि त्यावरून सगळा लॉट पास की नापास ते ठरवायचं. सरांना मी मोठ्या हौसेनं एकदा हे दाखवायला नेलं. त्यांनी प्रत्येक गुंडाळी उघडून पाहिली.

"ह्या उगवलेल्या बियांचं तुमी काय करता?"

"टाकून देतो, सर."

"अन् पोत्यातल्या?"

"त्या विकतो."

सर चष्मा काढून पुसायला लागले. "म्हंजे ज्या उगवतेत हे सिद्ध झालं, त्या तुमी फेकून देता. अन् ज्यांचं काहीच ठाऊक न्हाई त्या शेतकऱ्याला देता. बराबर?"

मी त्यांना 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण ऐकवून पाहिली. तिथंच चुकलो. मराठीत आजवर जन्मलेल्या म्हणींपैकी सरांचा सगळ्यात जास्त राग या म्हणीवर आहे. त्यांच्या घरी हा वाद रोज चुलीपाशी होत असे. कुसुमकाकू, म्हणजे सरांच्या बायको, दोन बोटांत शीत दाबून भात उतरवायच्या. सर स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायचे, "एकाच शिताला विचारलंस तू." काकू पातेलं खाली ठेवत म्हणायच्या, "तुमी बाकीच्याला इचारत बसा. मी वाढून घेते."

सरांना लग्नकार्यात नेऊ नये असं आमच्या घरी ठरलेलं होतं, तरी माझ्या पुतण्याला मुलगी पाहायला आम्ही त्यांना नेलं, कारण मुलीचं गाव त्यांच्याच गावाकडचं होतं. पोहे आले. पोहे उत्तम होते. आमच्या वहिनी लगेच म्हणाल्या, "पोरगी सुगरण दिसती." सरांनी बशी खाली ठेवली. "पोहे चांगले हायेत, हे सिद्ध. ते पोरीनं केलेत, हे सिद्ध न्हाई. अन् केले असले तरी आज जमले म्हणून रोज जमतेन, हेबी सिद्ध न्हाई." मुलीचा बाप माझ्याकडे पाहायला लागला, मी छताकडे. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "पोहे आईनं केलेत. मला नीट येत न्हाईत." सर ताडकन उठले. वाटलं, आता निघतात. ते पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हीच पोरगी कर. ही कुणाला खोटा निष्कर्ष काढू देत न्हाई." लग्न झालं. संसार छान चाललाय, असं मी म्हणतो. सर काय म्हणतात ते आता तुम्हाला ठाऊकच आहे.

वर्गात ते एक उदाहरण हटकून द्यायचे. सगळी माणसं मरणारी आहेत, खटके माणूस आहे, म्हणून खटके मरणार. मुलं हसायची, सर हसायचे नाहीत. काकू गेल्या त्यानंतर हे उदाहरण त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. त्या दिवसांत लोक येऊन म्हणत, असं कसं हो झालं. सर सगळ्यांना चहा विचारत. एकदाही ते काही सिद्ध करायला गेले नाहीत, आणि मला फार वाईट वाटलं.

सरांना एकच मुलगी. वंदना. ती परतूर तालुक्यात आष्टीला दिलेली आहे. नवरा चांगला, सासू हसरी, शेती-दुकान दोन्ही आहे. काकू होत्या तोवर ती दर नागपंचमीला यायची. सरांच्या दारात लिंबाचं मोठं झाड आहे. पंचमीच्या आदल्या दिवशी सर त्याला झोका बांधायचे, वंदना येऊन बसायची आणि ती उठली की वसाहतीतल्या सगळ्या पोरीबाळींचा नंबर लागायचा.

हा झोका बांधणं म्हणजे एक सोहळा असतो. सर माळ्यावरचा दोर काढतात आणि पायरीवर बसून तो ओढून पाहतात. एकदाच, एका जागी नव्हे. वीतभर दोर दोन मुठींत धरायचा, जोर लावायचा, मग पुढची वीत. सगळा दोर असा हातांखालून जातो. मी म्हणायचो, "सर, एका जागी ओढून बघा आणि बांधा की." सर मान वर न करता म्हणायचे, "एका जागी मजबूत हाय म्हणून सगळीकडं मजबूत हाय, हे सिद्ध न्हाई. लेकरू बसनार हाय त्याच्यावर." लेकरू म्हणजे वंदना. तिलाच आता एक लेकरू आहे.

काकू गेल्या त्या वर्षी सण नव्हताच. पुढच्या वर्षी सरांनी दोर तपासला, झोका बांधला आणि पायरीवर बसून राहिले. वंदना आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. यंदा पंचमी जवळ आली तशी माझी बायको रेखा मला म्हणाली, "सर परत वाट पाहत बसणार. मला नाही बघवत." मलाही बघवत नव्हतं. मी सरांकडे गेलो आणि आडून आडून विचारलं.

"येणार," सर म्हणाले. "त्यात इचारायचं काय? लेकी पंचमीला माहेरी येतेत. वंदना लेक हाय. म्हणून वंदना येणार."

"पण मागच्या वर्षी आली नाही, सर. त्याच्या आधीही नाही."

"म्हणून औंदा येणार न्हाई? हे विगमन झालं, जाधव. मी मानत न्हाई."

"फोनवर बोलता ना दर रविवारी? तेव्हा विचारायचं, येतेस का म्हणून."

"दोन अन् दोन, बाबांनो, औंदा चार होता का, असं इचारतं का कुणी?"

आता मला तर्कशास्त्र येत नाही, पण एवढं कळतं की 'सगळ्या येतात' म्हटलं आणि एक आली नाही, तर ते विधान तिथंच आडवं पडतं. सरांनी एवढ्यावर कित्येक पोरं नापास केली असतील. त्यांना हे दिसत नसेल असं कसं म्हणावं?

त्याच आठवड्यात कंपनीच्या कामानं मी आष्टीला गेलो. आमच्या वाणाचं सोयाबीन कसं उगवलंय ते शेतांवर जाऊन पाहायचं होतं. काम उरकल्यावर वंदनाकडे डोकावलो. तिनं चहा ठेवला आणि पहिल्यांदा बापाचं विचारलं.

"बरे आहेत," मी म्हणालो. "झोक्याचा दोर काढलाय."

"कुनासाठी?"

"तुझ्यासाठी, दुसरं कोण आहे?"

वंदना चहा गाळत होती, ती थांबली. "मंग मूळ काहून धाडत न्हाईत, काका?"

आमच्याकडे सासुरवाशीण पंचमीला आपणहून माहेरी जात नाही. माहेरचं कुणीतरी तिला न्यायला येतं. त्याला मूळ येणं म्हणतात आणि येणाऱ्याला मुऱ्हाळी. मूळ नाही आलं तर सासरच्यांनी कितीही जा म्हटलं, तरी लेकीचं पाऊल उचलत नाही. वंदनाला सख्खा भाऊ नाही. तिच्या मामाचा मुलगा यायचा. त्याला निरोप देणं, त्याच्या हाती फळं देणं, हे सगळं कुसुमकाकू बघायच्या. आता तो मुलगा नोकरीला पुण्यात असतो.

"आई गेली त्या वर्षी सण नव्हता," वंदना म्हणाली. "दुसऱ्या वर्षी म्हनलं, इसरले असतेन. मागच्या पंचमीला दिवसभर दारात ये-जा केली. कुनीच आलं न्हाई. मंग समजून गेले मी."

"काय समजलीस?"

"आई होती तवर माहेर होतं."

"अगं, दर रविवारी बोलता ना तुम्ही?"

"बोलतो की. जेवलीस का, जेवले. पाऊस हाय का, हाय." तिनं पदरानं डोळे पुसले. "मला न्यायला या, हे लेकीनं मागायचं असतं का, काका?"

परतीच्या बसमध्ये मी याच गोष्टीचा विचार करत होतो. बाप जालन्यात वरून खाली येत बसला होता आणि लेक आष्टीत खालून वर चढली होती. मी मूठभर बियांवरून लॉट नापास करतो, तसं तिनं दोन पंचम्यांवरून अख्खं माहेर नापास केलं होतं. दोघांनीही नियमाला धरूनच विचार केला होता आणि मला दोघांचाही राग आला होता.

घरी आलो तो पंचमी दोन दिवसांवर होती. संध्याकाळी सर पायरीवर बसून दोराची वीत न् वीत ओढत होते.

"सर," मी म्हणालो, "वंदनाला मूळ कोण गेलंय?"

"मूळ?" सर म्हणाले. "ते कशाला?"

"आधी तुमच्या मेहुण्यांचा मुलगा जायचा ना तिला आणायला?"

सरांचे हात थांबले. "तो आणायला जायचा?" ते सावकाश म्हणाले. "मला वाटायचं, पोरगं पुरणाची दिंडं खायला येतं."

मी हसलो असतो, पण त्यांचा चेहरा पाहून हसू आलं नाही. शेजारी बसलो आणि आष्टीची सगळी हकिकत सांगितली. आई होती तवर माहेर होतं, हेही सांगितलं. मग म्हणालो, "सर, रागावू नका. लेकी पंचमीला येतात, हे पहिलं विधान तुम्ही आणलं कुठून?"

"दरवर्षी यायची ना ती. एक बी वर्ष..." आणि ते थांबले.

"विगमन," ते म्हणाले. "कुसुम मूळ धाडायची, म्हणून पोरगी यायची. अन् मी त्याचा नियम करून बसलो." मग हलक्या आवाजात म्हणाले, "आली न्हाई तवाच ते विधान पडलं होतं, जाधव. मला का कळत न्हवतं? पण तेबी टाकून दिलं असतं तर हाताशी काय ऱ्हायलं असतं?"

रेखा दारात उभी राहून ऐकत होती. तीच म्हणाली, "सर, तुम्हीच जा. भाऊ नसला की बापानं जावं, त्यात काय?"

"मला जमतं का ते? मुऱ्हाळ्यानं काय न्यायचं असतं?"

"फळं न्या. आणि तिथं शिकवत बसू नका."

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी सर परीटघडीचा पांढरा सदरा घालून, खांद्यावर उपरणं टाकून निघाले. झोका त्यांनी आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवला होता. सोबत म्हणून मी स्टँडपर्यंत गेलो. वाटेत मोसंबीचा गाडा लागला. आंबे बहाराची मोसंबी नुकती यायला लागली होती, हिरवीगार, वरून पाहून आतलं काही कळू नये अशी. रशीदभाईनं सवयीनं सगळ्यात लहान मोसंबी उचलली आणि सुरी लावली.

"कापू नका," सर म्हणाले. "मोठी पिशवी भरा."

रशीदभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

"सर, एक चख के तो देखो."

"राहू द्या. गोड असतील."

'असतील' हा शब्द सरांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. रशीदभाई तर पैसे घ्यायचेच विसरला, सरांनी हातात कोंबले तेव्हा भानावर आला.

बसमध्ये सरांना खिडकीपाशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन ते ताठ बसले होते. बस सुरू झाली तसे ते खिडकीतून वाकले आणि म्हणाले, "जाधव, येईल ना हो ती?"

त्यांचंच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं ऐकलेलं, परत करायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. पण त्यांचे डोळे पाहिले आणि ते गिळलं.

"येईल, सर," मी म्हणालो.

कशावरून, असं त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवशी खोलीत कोंब मोजताना माझं दोनदा चुकलं. संध्याकाळी वसाहतीच्या कोपऱ्यावर वळलो आणि लिंबाखालून झोक्याची करकर ऐकू आली. वंदना झोक्यावर बसली होती, मांडीवर तिची चिमुरडी झोपली होती. रेखा शेजारी उभी राहून आष्टीची गंमत ऐकत होती. सर म्हणे सासरच्या दारात उभे राहिले आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाले, "मी मूळ आलोय." सासू पदर तोंडाला लावून हसली, वंदना मात्र हातातलं पीठ तसंच टाकून बाहेर धावली. निघताना, पाहुण्याची पिशवी रिकामी पाठवू नये म्हणून सासूनं सरांच्याच मोसंब्यांतल्या निम्म्या परत घातल्या.

ती पिशवी आता पायरीवर होती आणि सर तिच्याशेजारी बसून मोसंबी सोलत होते. त्यांनी फोड पुढे केली. वंदनानं तोंडात टाकली आणि डोळे गच्च मिटले.

"बाबा, आंबट."

सरांनी दुसरी सोलली. तीही आंबट. "सगळीच आंबट हायेत हो," वंदना म्हणाली. "कापून न्हाई बघितली?"

"दोनच खाल्ल्यास तू. दोनावरून सगळी आंबट, हे सिद्ध न्हाई."

"मंग?"

"मंग काय? पिशवी संपस्तोवर ऱ्हावं लागंल."

आणि त्यांनी पिशवीतून पुढची मोसंबी काढली आणि जितकी सावकाश सोलता येईल तितकी सावकाश सोलायला घेतली.